डबा साडेबाराला उघडतो: शाळेचा डबा पहिल्यांदाच भरणाऱ्यांसाठी

आमच्या घरी पोरांचा डबा मी भरतो. बायको मिरजेला नर्स आहे, सकाळपाळी असली की सव्वासहालाच घराबाहेर पडते. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो, आमचं दुकान दहाला उघडतं. त्यामुळं चार वर्षांपूर्वी डबा माझ्या वाट्याला आला. तेव्हा मला चहा आणि आम्लेट एवढंच येत होतं. चपात्या आईनं शिकवल्या, भाज्या बायकोनं फोनवरून शिकवल्या. पण डबा भरणं मात्र दोघींनीही शिकवलं नाही, कारण ते वेगळं शिकायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

पहिल्या महिन्यात निम्मे डबे जसेच्या तसे परत. चवीत काही खोट नव्हती, सकाळी मी स्वतः चाखून बघत होतो. शेवटी एके दिवशी धाकटीच्या डब्यासारखाच दुसरा डबा भरला, तसाच बंद केला आणि दुकानात घेऊन गेलो. तिची मोठी सुट्टी साडेबाराला होते, बरोबर तेव्हाच उघडला. चपातीच्या कडा वाळून कडक झालेल्या आणि मधला भाग झाकणावरून ठिबकलेल्या पाण्यानं ओलाचिंब. दोडक्याच्या भाजीला पाणी सुटून ते खालच्या चपातीत मुरलेलं. काकडीच्या चकत्यांना मीठ लावलं होतं, त्या पाण्यात पोहत होत्या. निम्मा डबा मीच टाकून दिला.

तेव्हापासून आमच्याकडं तीन डबे भरतात, दोन पोरांचे आणि एक माझा. नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगतो. पहिले आठ दिवस पोराच्या डब्याचा जोडडबा भरा आणि त्याच्या सुट्टीच्या वेळेला स्वतः उघडून खा. सकाळी सातला भाजी कशी लागते याला काही अर्थ नाही. पुढचं सगळं या एका सवयीतून आलंय.

आधी शाळेत विचारून या

पालकसभेत फी, गणवेश आणि रिक्षा यांतच तास संपतो. डब्याचं मुद्दाम विचारावं लागतं. सुट्टी किती वाजता आणि किती मिनिटांची? पोरं वर्गात बाकावर खातात की बाहेर व्हरांड्यात? हात धुवायला नळ जवळ आहे का? अंडं चालतं का? वर्गात कुणाला शेंगदाणा बाधतो का? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा, कारण आपल्याकडं भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट आणि वर शेंगाची चटणी. पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालणारच. तुमच्याच पोराला काही बाधत असेल तर बाईंना तोंडी सांगा आणि वहीतही लिहून द्या.

सुट्टी वीस मिनिटांची असेल तर त्यातली पाच हात धुण्यात आणि डबा शोधण्यात जातात. पहिलीतलं पोर उरलेल्या वेळात दोन चपात्या संपवू शकत नाही. त्याला हावरटपणा शिकवण्यापेक्षा घास सोपा करून द्यावा.

वेळेचा आणखी एक घोळ आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला. चांगलाच आहे, पण घरात दोन पोरं असली की दोन वेळापत्रकं. आमचा थोरला सातवीत, सात वीसला बाहेर पडतो आणि पावणेदहाला डबा खातो. धाकटी दुसरीत, नऊची शाळा, साडेबाराची सुट्टी. दोघांचे डबे मी आधी एकदमच साडेसहाला भरत होतो, म्हणजे धाकटी सहा तासांपूर्वीचं खात होती. आता भाजी एकदाच होते, पण तिचा वाटा कढईतच राहतो. आठला तो पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करतो आणि तिच्या चपात्याही तेव्हाच लाटतो. कणीक झाकून ठेवलेली असतेच.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर आठवीपर्यंत दुपारचा पोषण आहार मिळतो. तसं असेल तर मोठा डबा देऊन खिचडी आणि डबा दोन्ही वाया घालवू नका. छोट्या सुट्टीपुरतं कोरडं काहीतरी पुरतं.

डबा घेताना पोराला सोबत न्या

पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेलात की दुकानदार चार कप्पे, तीन चमचे आणि वर कार्टूनवाला डबा काढून दाखवतो. भुलू नका. स्टीलचा, गोल कोपऱ्यांचा, आत एक छोटी डबी बसेल असा साधा डबा घ्या. कोपरे गोल असले की भाजी अडकत नाही आणि वास राहत नाही. गरम अन्न प्लॅस्टिकात घालायचं नाही, आणि वर्तमानपत्रात चपाती गुंडाळायची तर अजिबात नाही. छपाईची शाई तेलाबरोबर उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं बजावलेलं आहे. सुती रुमालाचे चार तुकडे करून ठेवा, चार डब्यांना पुरतात.

आणि डबा पोराच्या हातात द्या. दुकानातच तीनदा उघडायला लावा, तीनदा बंद करायला लावा. हे मी केलं नव्हतं. धाकटी पहिलीत असताना हवाबंद झाकणाचा भारीतला डबा आणला, चारी बाजूंनी कड्या असलेला. लागोपाठ तीन दिवस डबा भरलेला परत आला. विचारलं तर म्हणे, "भूक नव्हती." चौथ्या दिवशी मी तिला माझ्यासमोर उघडायला सांगितलं. कड्या उघडल्या, पण झाकण निघेना. तिचे इवलेसे पंजे पांढरे पडले तरी निघेना. झालं असं होतं की मी गरमागरम भाजी भरून लगेच झाकण लावत होतो. आतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. मलाही जोर लावावा लागला. बाईंना सांगायला ती लाजत होती, तीन दिवस पोरगी उपाशी. घरात कुणी मला बोललं नाही, पण आईनं त्या दिवशी रात्री धाकटीला स्वतःच्या हातानं भरवलं, तेवढं पुरे झालं.

गरम राहणारा डबा घ्यायचा असेल तर त्याची रीत आहे. आधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवायचं, मग पाणी फेकून वाफाळतं अन्न काठोकाठ भरायचं. कोमट अन्न त्यात भरलं तर ते तास न् तास कोमटच राहतं, आणि कोमटपणा जंतूंना सगळ्यात जास्त मानवतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये अन्न राहिलं की जंतू भराभर वाढतात. चपाती-भाजीसाठी असला डबा लागतच नाही.

झाकणाला रबरी कडं असेल तर रोज काढून धुवा. डब्याला येणारा तो विशिष्ट आंबूस वास त्या कड्याखालचाच असतो.

किती भरायचं

शेजारच्या पोराकडं बघून ठरवू नका. ढोबळ माप हवं असेल तर पोषण आहाराचंच घ्या. एका जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. हे ताटात कसं दिसतं? मूठभर कणकेच्या, म्हणजे ३० ग्रॅम पिठाची एक, अशा दोन चपात्या, वाटीभर मोडाची मटकी आणि एक लहान शेंगदाण्याचा लाडू. एवढ्यात खालच्या वर्गाचं माप भरून थोडं वरच जातं. काजू-बदामाची गरज नाही. आपल्या शेंगदाण्यात १०० ग्रॅमला जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते आपल्या खिशाला झेपतात.

पण पहिल्या आठवड्यात यापेक्षा कमीच भरा. दीड चपाती भरून डबा रिकामा आला तर पोर खूश, तुम्हीही खूश. तीन भरून दीड परत आली तर दोघांचीही चिडचिड. वाढवणं सोपं असतं.

चपाती

डब्याचा सगळा खेळ चपातीत आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवायची, कोमट पाण्यात, वाटीला चमचाभर तेल घालून. मग वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवायची. ही वीस मिनिटं वगळली की साडेबाराची चपाती चामड्यासारखी होणार, कितीही तूप लावा. घडीची चपाती लाटा, आत तेल आणि चिमूटभर पीठ भुरभुरून. पदर सुटले की गार झाल्यावरही घास तुटतो. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर चपाती भाजली जात नाही, वाळते. दोन्ही बाजूंनी भाजून झाली की रेंगाळायचं नाही.

तव्यावरून काढली की थेट डब्यात नाही. आमच्याकडं वेताची एक बुट्टी आहे, तिच्यात सुती फडकं घालून त्यावर चपात्या टाकतो, तूप लावतो आणि फडक्याचं टोक वरून नुसतं पांघरतो. वाफ हळूहळू निघून जाते आणि चपाती वाळतही नाही. पाच-सात मिनिटांनी हाताचा पालथा पंजा लावून बघायचा. चटका बसला तर थांबा. कोमट लागली की चौघडी करून रुमालात गुंडाळून डब्यात. पूर्ण गार होऊ दिली तर कडक होते, गरम भरली तर भिजते. या दोन्हींच्या मधली ती दोन-तीन मिनिटं सापडायला मला महिना लागला. तुम्ही हात लावून बघत राहिलात तर आठवड्यात सापडतील.

पहिली-दुसरीच्या पोराला चपाती तोडून भाजी उचलणं जमत नाही, म्हणजे घरी जमतं पण बाकावर बसून शेजारच्याशी बोलता बोलता जमत नाही. त्यांना भाजी आत भरून गुंडाळी करून द्या आणि मधून कापा. रुंदीला नाही, तिरकी कापा, भाजी सांडत नाही.

भाकरीचं काय, असं बरेच जण विचारतात. ज्वारीची भाकरी आमची रोजची, पण डब्यात तिचे तुकडे होतात. त्यापेक्षा ज्वारीचं पीठ, थोडं डाळीचं पीठ, तीळ, लसूण आणि मेथी घालून धपाटे करा. कणीक दह्यात भिजवली की दुपारपर्यंत मऊ राहतात. धपाट्याबरोबर भाजी लागत नाही, घट्ट दही किंवा शेंगाची चटणी पुरते. आठवड्यातून दोनदा आमच्याकडं हेच असतं, आणि त्या दोन दिवशी मला अर्धा तास जास्त झोप मिळते.

भाजी: पाणी कुठं जातंय ते बघा

मीठ घातलं की भाजीला पाणी सुटतं आणि ते सुटायला वेळ लागतो. ताटात जेवताना कळत नाही, डब्यात कळतं. म्हणून डब्याची भाजी कढईतच कोरडी झाली पाहिजे. त्यासाठी आपल्याकडं दोन जुने उपाय आहेत, दाण्याचं कूट आणि पेरलेलं डाळीचं पीठ. दोडका, सिमला मिरची, मेथी या पाणी सोडणाऱ्या भाज्यांना शेवटी चमचा-दीड चमचा पीठ पेरायचं, दोन वाफा आणायच्या, वर कूट घालायचं. ते पाणी पिऊन घेतं आणि प्रथिनंही वाढतात. झुणका तर डब्यासाठीच जन्माला आलाय. कृष्णाकाठची वांगी मसाला भरून कोरडी केली तर थोरला दोन दिवस सलग खाईल, धाकटी वांग्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवते. दोघांसाठी दोन भाज्या करायच्या नाहीत एवढं मात्र मी पहिल्यापासून पाळलंय. वांग्याच्या दिवशी धाकटीला चटणी-तूप-चपाती, तक्रार चालत नाही.

भेंडी झाकण न ठेवता परता. बटाटा उकडून घ्या, कच्चा चिरून केलेला गार झाल्यावर कडक लागतो. टोमॅटो शक्यतो नको, आंबटपणाला आमसूल किंवा वरून लिंबू. लिंबू भाजी कोमट झाल्यावरच पिळा. पालेभाजी आणि पोह्यांवर लिंबू पिळण्यात चवीपलीकडचंही कारण आहे. वनस्पतीतलं लोह शरीराला नीट मिळायला क जीवनसत्त्व मदत करतं. याच कारणानं डब्याआधी किंवा डब्यानंतर चहा देऊ नका, चहा ते लोह अडवतो.

मोडाची मटकी म्हणजे डब्याचा राजा. सोमवारसाठी रविवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात घट्ट बांधा, पहाटे मोड आलेले असतात. थंडीत जास्त वेळ लागतो, फडकं पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवा. चांगली शिजवून, पाणी आटवून द्या. कच्चे मोड लहान पोरांना देऊ नका, ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढलेले असतात.

तिखटाचं एक. आपली कांदा-लसूण चटणी घरात सगळ्यांना चालते म्हणून डब्यात चालेल असं नाही. शाळेत पाणी मागायला, नाक पुसायला कुणी नसतं. घरच्यापेक्षा निम्मं तिखट घाला.

कोबी, मुळा, उकडलेलं अंडं यांना बंद डब्यात वास येतो. खराब झालेलं नसतं, पण शेजारचं पोर "ईऽ" म्हणालं की आपलं पोर तो पदार्थ वर्षभर खात नाही. हे पदार्थ घरी रात्रीच्या जेवणात ठेवा.

काय अजिबात नको

रात्रीचा भात फोडणी देऊन डब्यात घालायची आपल्याकडं पद्धत आहे. मीही केलंय. भातात एक प्रकारचे जंतू असतात, त्यांची बीजं शिजवतानाही मरत नाहीत आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला की वाढतात. जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. द्यायचाच असेल तर रात्रीच लवकर निववून फ्रिजमध्ये गेलेला भात, सकाळी वाफाळेपर्यंत परतून, आणि तोही लवकर सुट्टी असणाऱ्या थोरल्याला. धाकटीला ताजाच.

ओल्या नारळाची चटणी, पनीरची रसभाजी, दुधाची मिठाई हे मार्च-एप्रिलमध्ये बंद. सांगलीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, चाळिशीच्या आसपास पारा जातो आणि दप्तरं पत्र्याखालच्या व्हरांड्यात असतात. त्या दिवसांत दहीभात चालतो, पण ताज्या भाताचा. भात कोमट होऊ द्यायचा, दूध जास्त आणि विरजणापुरतं एक-दोन चमचे दही घालून कालवायचा, वर जिरं-कढीपत्त्याची फोडणी. साडेबारापर्यंत तो डब्यातच बेताचा आंबट होतो. नुसतं दही घालून कालवला तर दुपारी तोंड वाकडं.

शाबूची खिचडी गार झाली की रबर. एकादशीला ती छोट्या सुट्टीलाच द्या.

छोटी सुट्टी

इथं डोकं फार चालवू नका. छोट्या डबीत एक फळ किंवा मूठभर कोरडं. पेरू, केळं (न सोललेलं), चिक्कू. सफरचंद कापून द्यायचं तर फोडी मिठाच्या पाण्यातून काढा, काळ्या पडत नाहीत. आटपाडीचं डाळिंब आलं की दाणे काढून द्या, पण पांढऱ्या शर्टाच्या दिवशी नको.

द्राक्षांच्या हंगामात तासगावकडून कुणी ना कुणी पेटी पाठवतोच. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. बालवाडीतल्या पोराला अख्खं द्राक्ष कधीही देऊ नका, उभं चिरून द्या. गोल, गुळगुळीत आणि नेमकं घशाच्या मापाचं असल्यानं ते अडकतं. अख्खे शेंगदाणेही पाच वर्षांच्या आतल्या पोराला नकोत, कूट करून लाडवात द्या. बेदाणे उत्तम, आपल्याच जिल्ह्याचे, पण दाताला चिकटून बसतात. त्यावर चूळ भरायची सवय लावा.

भडंग घरी करा. विकतचं चवीला एक नंबर, मी स्वतः दुकानात खातो, पण पोरांना तेल-तिखट जास्त होतं. चुरमुरे, डाळं, शेंगदाणे, थोडा लसूण, नावाला तिखट. मात्र भडंगाची डबी चपातीच्या डब्यात ठेवू नका. चपातीची ऊब लागून तासाभरात चुरमुरे मऊ पडतात. ती वेगळ्या कप्प्यात.

रात्री आणि सकाळी

सकाळचं काम रात्री जितकं ढकलाल तितकी सकाळ शांत. भाजी निवडून चिरलेली, लसूण सोललेला, डबे पुसून ओट्यावर उघडे, रुमाल शेजारी. बटाटे उकडून फ्रिजमध्ये. कूट आणि एक कोरडी चटणी रविवारी होते, शेंगाची नाहीतर जवसाची. कणीक मात्र मी सकाळीच भिजवतो. रात्री भिजवून ठेवायची असेल तर वरून तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर काळी पडते.

उठलो की आधी कणीक. ती मुरेपर्यंत भाजी. भाजी उतरली की ताटात पसरून ठेवतो, कढईत राहिली तर निवायला दुप्पट वेळ. मग चपात्या. या क्रमात भाजी आणि चपाती साधारण एकाच वेळी कोमट होतात आणि झाकण एकदाच लावता येतं. पाण्याची बाटली सगळ्यात शेवटी, दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, उलटी धरून एकदा हलवून बघायची. थोरल्याची इतिहासाची वही अजूनही पापडासारखी आहे.

गणवेशावर भाजीचा पिवळा डाग पडला तर साबण लावल्यावर तो लाल होतो आणि नवीन माणूस घाबरतो. हळदीचा तो गुणच आहे, साबणाच्या खारानं ती लाल होते. धुवून शर्ट कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे यार्डात कुणालाही विचारा.

परत आलेला डबा

संध्याकाळी डबा धुवायला टाकण्याआधी उघडून बघा. "का नाही खाल्लं?" हे विचारू नका, उत्तर "भूक नव्हती" एवढंच येतं. डबा स्वतःच सांगतो. चपातीच्या कडा तेवढ्या उरल्या असतील तर चपाती कडक झाली होती. भाजी तशीच आणि चपाती संपली असेल तर ती मित्राच्या भाजीला लावून खाल्ली, म्हणजे त्या भाजीची चौकशी करा. चौकशी करून मी बटाट्याच्या काचऱ्या शिकलो. दोन्ही निम्मं-निम्मं उरलं असेल तर वेळ पुरला नाही. काहीच हललं नसेल तर झाकण, तब्येत नाहीतर वर्गात काहीतरी झालंय, आणि त्या दिवशी डब्याबद्दल न बोलता पोराजवळ जरा बसा. डबा चाटूनपुसून साफ असेल आणि पोर घरी येताच खायला मागत असेल, तर एक चपाती वाढवा. किंवा डबा दुसऱ्याच कुणी खाल्लाय.

उशीर झालाच तर

गॅस संपतो, लाईट जाते, माणूस झोपून राहतो. अशा वेळी बेकरीकडं पळू नका. रात्रीची चपाती असेल तर तव्यावर पुन्हा खरपूस करून हातानं कुस्करा, कांदा-मिरचीची फोडणी द्या, दहा मिनिटांत डबा तयार. ताजी असेल तर तूप-गुळाची गुंडाळी. चपाती गरम असतानाच तूप लावायचं आणि वर गूळ पसरायचा. गूळ किसूनच घ्या. फोडून घातला की खडे राहतात, धाकटी तेवढे वेचून खाते आणि चपाती परत आणते.